उपग्रह शून्य

त्या वर्षी मला सगळ्यात जास्त वीट आला होता तो 'काका, तुम्ही बसा' या वाक्याचा. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, जिथे जावं तिथे कुणीतरी खुर्ची सरकवायचं. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा एक हलका झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र खांद्यापासून नुसता लटकत राहिला. बोटं मिटायची, पण त्यांत साधा कागद राहायचा नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई रोज सांगायच्या, फरक पडतोय. पडत असेल. मला तो दिसत नव्हता, आणि त्यांचं मन राखायला 'हो, दिसतोय' म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

माझं काम विहिरींची पाहणी करण्याचं. एका खासगी कंपनीसाठी गावोगाव फिरायचं, विहीर नेमकी कुठे आहे, किती खोल आहे, पाणी किती खाली आहे, याची नोंद करायची. निम्मं आयुष्य यात गेलं. नोंद करायला कंपनीचा एक दणकट लॅपटॉप होता. धुळीत पडला, पाण्यात भिजला तरी न कुरकुरणारा, धातूच्या कवचाचा आणि कडेवरच्या पोराएवढा जड. विहिरीची जागा कळावी म्हणून त्याला वायरीनं जीपीएसची एक डबी जोडलेली असायची. लॅपटॉप डाव्या हातावर पेलायचा, उजव्या हातानं डबी आभाळाखाली धरायची, उपग्रह सापडले की बटण दाबायचं. वायर बाभळीत अडकली की ती सोडवायची. सगळा दोन हातांचा कारभार. मोबाइल का नाही वापरत, असं मला भेटेल त्यानं विचारलं. कंपनीचं नोंदीचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर चालायचं आणि मोबाइलचं काही ऐकून घ्यायचं नाही, हे सांगून सांगून जीभ दुखायला लागली. शिवाय मोबाइल धरायलाही हातच लागतो.

साहेब माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. स्वभावानं चांगले होते, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही.

"काका, तुम्ही आता ऑफिसातच बसा ना. आवक-जावक बघा. एसी आहे, चहा आहे."

"मला फील्डवर जायचंय."

"एका हातानं?"

ते ओशाळले. मग म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी लोणी काळभोरचं काम सुरू होतंय. एकटे जा. दिवसात दहा विहिरी आणल्यात तर फील्ड तुमचं. नाही जमलं तर मात्र हट्ट करायचा नाही."

आवक-जावकच्या त्या टेबलाची मला भीती वाटत होती, हे सरळ सांगून टाकतो. माझ्या आधी तिथे बसलेले दोघेही गृहस्थ खुर्चीत बसल्या बसल्या म्हातारे झालेले मी पाहिले होते. घरात माझी भाजी चिरली जात होती, शर्टाची बटणं लावली जात होती. दिवसातले आठ तास तरी मला कुणाच्या मदतीशिवाय हवे होते.

उपाय सुचला तो असा, की डबीच काढून टाकायची. जीपीएस लॅपटॉपच्या पोटात बसवायचं, लॅपटॉप पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा, आणि एक हात बटणांना मोकळा ठेवायचा. खोली मोजायच्या टेपची अडचण नव्हती. कुठलाही शेतकरी परक्या माणसाला आपल्या विहिरीत वाकू देत नाही, टेप तो स्वतःच सोडतो.

कर्वेनगरला एक बाई लॅपटॉप दुरुस्त करतात असं कळलं. पन्नाशीच्या असतील, पूर्वी कारखान्यात सर्किटं तपासायच्या. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गॅरेजात टेबल, दिवा आणि भिंग. नमस्कार-चमत्कारात त्यांनी वेळ घालवला नाही. माझा हात त्यांनी पाहिला, पण बसा म्हणाल्या नाहीत. मला त्या तिथेच आवडल्या.

त्यांनी खालचं झाकण उघडलं आणि एक रिकामी खाच दाखवली. "जागा दिलेली आहे. वस्तू दिलेली नाही. आपल्या बिल्डरांसारखं."

तिथे त्यांनी बिस्किटाच्या तुकड्याएवढी एक पट्टी बसवली. तो रिसीव्हर. खरं काम अँटेनाचं होतं. अँटेनाला आभाळ दिसावं लागतं, आणि लॅपटॉपचं झाकण धातूचं. "धातूच्या मागे ठेवलं तर संपलंच," त्या म्हणाल्या. "एक पत्रा आड आला की उपग्रह शून्य." पडद्याच्या वरच्या कडेला बोटभर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी होती, तिच्याखाली नखाएवढा चौकोनी अँटेना चिकटवला आणि दोऱ्यासारखी वायर बिजागरीतून खाली नेली. मग तीन मजले चढून गच्चीवर गेलो. लिफ्ट नव्हती. मी कठडा धरून चढलो, त्या पुढे निघून गेल्या. गच्चीवर लॅपटॉप उघडला, पडद्यावरचा आकडा शून्यावरून तीन, पाच, आठ झाला. आठ उपग्रह. मी आकडा दोनदा वाचला. त्या म्हणाल्या, "चला, माझा कुकर लागलाय."

घरी वारज्याला आल्यावर बायकोनं शिलाई मशीन काढलं. लॅपटॉपला रेक्झिनचं कव्हर शिवलं, गळ्यात अडकवायला रुंद पट्टे लावले, आणि पडद्यावर ऊन पडू नये म्हणून वर एक छपरी काढली. गळ्यात पाटी अडकवून शेंगदाणे विकणारे असतात, तसा मी दिसत होतो. ती हसली नाही. खांद्याला पट्टा रुतू नये म्हणून तिनं आत जुन्या दुलईचा कापूस भरला होता. दसऱ्याला इतर हत्यारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली, कव्हरसकट. हळद-कुंकू, आपट्याचं पान, सगळं. आमच्याकडे शिलाई मशीनपासून स्कूटरपर्यंत ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याची पूजा होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरावाला नदीकाठच्या मोकळ्या जागेत गेलो. उपग्रह शून्य. अर्धा तास उभा राहिलो. शून्य. मग एक आला, आणि तोही गेला.

कर्वेनगरला गेलो. मी कव्हर सोडून बाजूला ठेवलं, बाईंनी लॅपटॉप उघडून तपासला, गच्चीवर नेला. सात उपग्रह.

"माझ्याकडे चालतंय," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे नाही चालत."

"मग तुम्ही इथेच या रोज."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. नदीकाठी शून्य, गच्चीवर नऊ. त्यांनी तरीही अँटेना उखडून नवा लावला, वायर बदलली. पडेल चेहऱ्यानं मी समोर बसून होतो. मनात येत होतं, दोष यंत्रात नाही, माझ्यातच आहे. मी धरलं की चालत नाही. असं काही नसतं हे मला कळत होतं, पण वाटायचं ते वाटतच होतं. घरी बायको म्हणाली, "नाही चालत तर राहू द्या की. कशाला जिवाला लावून घेता?" ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मी चिडलो.

सोमवार दोन दिवसांवर आला तेव्हा तिसऱ्यांदा गेलो. शनिवार होता. वारज्याहून बसमध्ये उभं राहून आलो होतो, कारण त्या दिवशी नेमकं कुणी बसा म्हटलं नाही. बाई सरळ गच्चीवर चला म्हणाल्या. एरवी मी खालीच एका हातानं कव्हरचे बंद सोडायचो, त्यात पाच-सात मिनिटं जायची. त्या दिवशी तेवढाही जोर नव्हता. लॅपटॉप गळ्यात तसाच अडकवून जिने चढलो, वर जाऊन कठड्याला टेकलो आणि म्हणालो, "असाच बघा."

त्यांनी पाहिलं. शून्य.

त्यांनी छपरी मागे दुमडली. चार, सहा, आठ. छपरी पुन्हा पुढे घेतली. आठचे तीन झाले, मग शून्य. मग त्यांनी छपरीचं रेक्झिन दोन बोटांत धरून चाचपलं, भाजीवाल्याकडे गवार पारखतात तसं.

"आत पत्रा आहे," त्या म्हणाल्या. "अँटेनाच्या बरोब्बर वर. कुणी शिवलंय हे?"

"बायकोनं."

"मग मी उसवणार नाही. त्यांनाच विचारा." आणि जिन्यावरून उतरताना, माझ्याकडे न बघता, "रागावून विचारू नका."

मी रागावूनच विचारलं. दारातच. चपलाही काढल्या नव्हत्या.

"छपरीत काय घातलंयस?"

ती गहू निवडत होती. तिनं ताट बाजूला सारलं. "यंत्र आहे. तांब्याचं. देवळातून आणलं, दसऱ्याला पूजेत ठेवलं आणि रात्री छपरीत शिवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावलं असतं."

"अगं, त्या पत्र्यामुळे मशीन चालत नव्हतं! आठ-दहा दिवस मी वेड्यासारखा हेलपाटे घालतोय!"

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली. "देवाशपथ नव्हतं माहीत." मग गव्हाचं ताट पुन्हा जवळ ओढून, "पण चालत नव्हतं तेव्हा मला बरं वाटायचं."

मी लॅपटॉप गळ्यातून काढून भिंतीला टेकवला.

"तुम्ही रोज परत यायचात, चालत नाही म्हणायचात, की मी मनात म्हणायचे, चला, आजचा दिवस गेला. अहो, विहिरीला कठडा नसतो. तुम्हीच सांगत आलात मला इतकी वर्षं, निम्म्या विहिरींना कठडा नसतो म्हणून. तोल गेला तर धराल कशानं?"

मी चपला काढून आत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. खूप थकलो होतो. तिच्या भीतीनं थकलो होतो, माझ्या हट्टानं थकलो होतो, आणि दोघांचंही बरोबर होतं यानं तर फारच थकलो होतो. मग पलीकडून ब्लेडनं शिवण उसवल्याचा करकर आवाज आला, टाक्यामागून टाका. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. छपरी परत शिवली गेली. यंत्र तिनं कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी कंपनीच्या गाडीनं मला लोणीच्या फाट्यावर सोडलं. पहिली विहीर उसाच्या मागे होती. मालक बांधावरून आला, माझ्या गळ्यातलं प्रकरण बघत राहिला.

"ह्ये काय हाय म्हणायचं, टीव्ही?"

"विहिरीची नोंद करतो."

"आन् हात?"

"एकच चालतो."

"मंग तिथंच थांबा. म्होरं येऊ नगा. काठ ठिसूळ हाय तिथला," असं म्हणून त्यानं माझ्या हातातली टेप घेतली. बसा म्हणाला नाही. मी काठापासून चार पावलं मागे, जिथे त्यानं सांगितलं तिथे उभा राहिलो. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असताना मी त्याला बाजूला सारून पुढे गेलो असतो. पडद्यावर सात उपग्रह होते. मी अंगठ्यानं बटण दाबलं. विहीर नोंदली गेली.

दुपारपर्यंत सहा झाल्या. साहेबांचा फोन आला. "काका, ऑफिसात दिसतायत तुमचे पॉइंट. मस्त येतायत. चार राहिलेत ना? होतील. उद्याची गाडी तुमच्याच नावानं सांगतो." मला आनंद झाला, पण तो दाखवायला अंगात काही शिल्लक नव्हतं. पंपाच्या खोलीच्या सावलीत टेकलो आणि पिशवीतून डबा काढला.

झटका आल्यापासून डबा उघडणं हा माझा रोजचा गुपचूप छळ होता. आमचा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. ऑफिसात मी तो घेऊन मागच्या पॅसेजमध्ये जायचो, दोन गुडघ्यांत दाबून झाकण ओढायचो. कधी उघडायचा, कधी नाही. नाही उघडला की तो तसाच भरलेला परत न्यायचो आणि घरी आल्यावर भूक नव्हती म्हणायचो. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तिला तर नाहीच.

मी सवयीनं गुडघे जवळ घेतले आणि डबा मध्ये ठेवला. पण तो आमचा डबा नव्हता. नवा होता, रुंद, बुटका, त्याच्या तळाला सायकलच्या ट्यूबची एक पट्टी चिकटवलेली, घसरू नये म्हणून. झाकणाला बाहेरून कापडाचा एक फास शिवून चिकटवलेला होता, एक बोट जाईल एवढा. मी बोट घातलं. झाकण उघडलं.