कौटुंबिक संबंध : वाईट

लोकांना त्यांचं सुख एक ते दहा आकड्यांत विचारत हिंडायचं, हे माझं काम. मी मुरबाडची. त्या वर्षी शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पलीकडच्या गावांत पाहणी होती आणि दिवस भातलावणीचे. ज्याने हे वेळापत्रक आखलं, त्याने भात फक्त ताटातच पाहिला असणार. घरोघर कुलपं. शेवटी चपला हातात घेऊन मी शेतावर गेले आणि एकेकीला चिखलातून बांधावर बोलवू लागले. एकीची उत्तरं दुसरीच्या कानावर पडता कामा नयेत, हा आमचा नियम.

एका शेतात दोघी जावा लावणी करत होत्या. पहिली आली ती थोरली. सुखाला तिने सात दिले. घरच्यांशी संबंध कसे, म्हटल्यावर म्हणाली, "धाकल्या जावंशी वाईट. लिव." चूल वेगळी झाली तेव्हा मोठं पातेलं कोणाकडे जायचं यावरून बिनसलं होतं. दोन वर्षं अबोला.

"आणि अडीअडचणीला पहिली हाक कोणाला माराल?"

"तिलाच."

टॅबवर लाल अक्षरं आली : उत्तरं जुळत नाहीत, तपासा. मी वैतागले. "मावशी, दोन्हींतलं एकच काहीतरी खरं असेल ना?"

"दोनी खरी हायत. बोलत नाय म्हनून हाक मारायची नाय का? हे शेत तिचंच हाय. आज तिची लावनी, उद्या माजी." एवढं बोलून ती चिखलात उतरलीसुद्धा.

मी बघत राहिले. थोडी लावणी झाल्यावर थोरली समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाली, "रोपं संपली गो." धाकटीने मान वर न करता एक मूठ नेमकी तिच्या हाताशी फेकली. दोघी पुन्हा वाकल्या. दिवसभर एकमेकींशी गप्पा मारणाऱ्या बायकांतही इतका भरवसा मी पाहिलेला नव्हता.

आता धाकटीची पाळी होती आणि मला धास्ती वाटायला लागली. हिने माहेरचं कोणी सांगितलं तर? थोरलीचा भरवसा एकतर्फी आहे, हे एकटीने पोटात ठेवून मला बसने घरी जावं लागणार होतं.

धाकटीने सुखाला सहा दिले. जावेशी संबंध? "वाईट." मग मी पहिल्या हाकेचा प्रश्न विचारला. ती हाताचा चिखल खरवडत बसली.

"तिनं काय सांगितलं?"

"ते नाही सांगता येत."

तिने खाली शेतात पाहिलं. ही वर आल्यापासून थोरली स्वतःच्या पातीबरोबर हिच्या वाट्याची पातही लावत होती.

"तिचंच नाव लिवा," धाकटी उठत म्हणाली. "पन तिला सांगू नका हां, ताई. उगाच माज्याशी बोलाया लागंल."