देवाप्पाची पेटारी

या देवाप्पानं मला वैताग आणलाय, आणि तोही एकदाही भांडण न करता. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत तो अकरा वर्षं माळी. मूळचा निपाणीकडचा, या कानडी मुलखात मराठी बोलतो, म्हणून त्याला कामं सांगायचं माझ्याच गळ्यात. मी शुभदा, पुण्याची, बागसमितीची सचिव. अकरा वर्षं त्यानं आम्ही सांगू तिथं लॉन केलं, सांगू तिथं कुंड्या ठेवल्या. स्वतःसाठी मागून घेतली ती फक्त कुंपणालगतची पट्टी. तिथं पेटारी वाढू दिली. कमरेएवढी झुडपं, पिवळी फुलं, दातेरी चाकासारखी फळं. लहानपणी त्या फळांचे ओल्या मातीवर शिक्के मारायचा म्हणे. दिवाळीला तो कायमचा गावी जाणार होता. एवढी पट्टी मोडू नका, इतकंच त्याचं मागणं होतं.

तेवढ्यात समितीला ‘देशी रानफुलांचा कोपरा’ करायची हुक्की आली. रविवारी दुपारी बाराला मी मोबाईल घेऊन पट्टीपाशी हजर. पेटारीवर एक फूल उघडं असेल तर शपथ. तिच्या पायाशी मात्र गुडघाभर उंचीचं दुसरं एक पिवळं फूल. अ‍ॅपनं सांगितलं, दोघी एकाच कुळातल्या, भेंडी-जास्वंदीच्या. आणि या फुलाच्या शास्त्रीय नावात चक्क कोरोमंडल. म्हणजे आपल्याच किनाऱ्याचं की! हिला ठेव, ती बिनफुलाची उपटून टाक, मी फर्मावलं.

“पेटारी दिस कलल्यावर उमलती, अक्का,” देवाप्पा म्हणाला. “चारनंतर येऊन बघा. आन् ह्या दुसरीला आमच्या गावात नावच न्हाई. जिला नाव न्हाई, ती भायेरची.”

आता एरवी चार वाजता मी ऑफिसात असते आणि नंतर दोन तास रिंग रोडवर, आणि रविवारची दुपार झोपेची. शिवाय गावात नाव नाही म्हणून परकी, हे कुठलं शास्त्र? मी चक्क हसले. त्यानं तीनदा सांगून पाहिलं. चौथ्यांदा नुसतं कानडीत ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाला आणि सोमवारी सगळी पेटारी मुळासकट काढली. अरे बाबा, भांडायचंस ना!

पाटी लागली. कोपरा बघायला वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका कावेरी आल्या. कोरोमंडल फक्त नावात आहे, झाड मूळचं अमेरिकेतलं, त्या म्हणाल्या. इथली खरी देशी ती पेटारी, ती कशी कुठे दिसत नाही? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच देवाप्पाकडे गेले. तो सामान बांधत होता. माझं चुकलं म्हटलं, जाण्याआधी पुन्हा लावून दे, रोपं मी आणते.

“पेटारी कुणी लावत न्हाई, अक्का,” तो म्हणाला. “ती आपसूक येती. आपण उपटायची न्हाई, बस.”

तो गेला त्याला दोन महिने झाले. शुक्रवारी मी आता लवकर निघते आणि चारनंतर पट्टीपाशी जाऊन उभी राहते. नव्या माळ्याला सांगून ठेवलंय, काहीही उपटायचं नाही. पेटारीचा अजून पत्ता नाही. अमेरिकेवाली मात्र जोरात आहे.