तिनंच पसंत केलेलं मशीन

लातूरजवळच्या एका भाजी पॅकिंगच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. गावोगावच्या दुकानांना भाजी प्लॅस्टिकच्या कॅरेटमधून जायची आणि रिकामी कॅरेटं परत यायची. धुतलेल्या प्रत्येक कॅरेटवर कोणत्या गावच्या दुकानाची भाजी, हे सांगणारं नवं लेबल लागायचं. आधीचं खरवडून काढावं लागे. ही दोन्ही कामं किल्लारीहून रोज जीपनं येणारी एक बाई नऊ वर्षं करत होती. पन्नाशीची, विधवा. सगळे तिला मावशी म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण उदगीरचं लेबल कुठलं आणि निलंग्याचं कुठलं, हे ती अक्षरांच्या वळणावरून ओळखायची. तिच्या हातून चूक झालेली मला आठवत नाही.

काम वाढलं तसं मालकांनी लेबल लावायचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. नांदेडच्या एका बेकरीत दोन कंपन्या आपापलं मशीन चालवून दाखवणार होत्या. मला लेबलातलं काय कळतं? मी मावशीला म्हटलं, "तुम्हीही चला."

टेम्पोत आम्ही दहा कॅरेटं टाकली. ती मावशीनं निवडली होती. कान तुटलेली, कडा घासलेली, एक तर चिखलानं माखलेलं.

"अशी कशाला?" मी विचारलं.

"चांगल्यावर तर कुणीबी चिकटवंल."

पहिल्या मशीननं कोरड्या कॅरेटवर छान लेबलं लावली. मावशीनं नळाखालून काढलेलं एक कॅरेट पुढं ठेवलं. लेबल लागलं आणि घसरून खाली आलं. "ह्ये नगं," ती म्हणाली.

दुसरं मशीन आधी वाऱ्याचा झोत सोडून कॅरेटची बाजू सुकवायचं, मग रबरी रुळानं लेबल दाबायचं. खाचाखोचांतही ते नीट बसलं. मावशीनं कोपरा नखानं उचकटून पाहिला, निघेना. मग तिनं बादलीभर कढत पाणी मागितलं आणि कॅरेट त्यात बुडवलं. थोड्या वेळानं लेबल आपोआप सुटलं आणि पाण्यावर तरंगायला लागलं. कॅरेटवर डिंकाचा डागसुद्धा नव्हता.

मावशी बराच वेळ बादलीत बघत उभी राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "ह्येच घ्या."

परतताना वाटेत चहाला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "आता खरवडायचं न्हाई, चिकटवायचं न्हाई. मग मी काय करू?"

"मशीनमधला लेबलचा रोल बदलायला माणूस लागणारच की. ते काम तुमचंच."

मला खरंच तसं वाटलं होतं.

मशीन आलं. त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत. मालकांनी आयटीआय झालेली दोन मुलं ठेवली. मी मालकांना मावशीसाठी एकदा सांगून पाहिलं. "तिला वाचता येत नाही, उद्या उदगीरचा माल निलंग्याला गेला तर तुम्ही भरून देणार का?" ते म्हणाले. तिच्या हातून असं कधी झालं नाही, एवढं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

मावशीला कॅरेट धुवायला लावलं. साबणाच्या पाण्यानं महिनाभरात तिच्या बोटांना चिरा पडल्या. मग एके दिवशी ती जीपमधून उतरली नाही, आणि पुढंही आली नाही.

चार-पाच महिन्यांनी किल्लारीला कामासाठी गेलो, तेव्हा विचारत विचारत तिच्या घरी पोहोचलो. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. नुकतीच परतली होती. तिनं चहा ठेवला.

"मशीन चालतंय नीट?"

"हो."

"वल्या कॅरेटवर बी?"

"हो."

"मग बरं."

मी म्हटलं, "मावशी, माझ्याकडून चुकलं."

ती कपात चहा गाळत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी पैलंच मशीन चांगलं हाय म्हनले आसते, तर तुमी तेच आनलं आसतं. आनलं आसतं का न्हाई?"

"आणलं असतं."

"पर तुमी भरवशानं इचारलं हुतं. खोटं कसं सांगावं?"

जीपला अजून अवकाश होता, तरी मी चहा संपवला आणि उठलो.