पिनाचा कौल

आमच्या खानावळीच्या खात्याचा गुप्त पिन ग्रामदेवतेला सांगितला गेला आहे, आणि तो सांगणारा मीच.

शिरोड्याला समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर आमची छोटी खानावळ आहे. स्वयंपाक माझी बायको सुलभा करते, 'या, बसा' माझे थोरले भाऊ करतात आणि मुंबईची नोकरी संपवून आल्यापासून मी देखरेख करतो (म्हणजे काय करतो, हे मलाही नीट कळलेलं नाही). पैसे डब्यात पडत होते तोवर भांडण नव्हतं. गिऱ्हाइकं मोबाइलवरून पैसे द्यायला लागली आणि खातं कुणी सांभाळायचं, यावरून घरात ठिणगी पडली. तात्पुरतं ते माझ्या फोनवर होतं. आणि माझा फोन म्हणजे गावविहीर! कुणीही यावं, उचलावा, मुंबईच्या लेकीला लावावा.

"खाता माझ्याकडे होया," भाऊ म्हणाले. "घरात थोरलो कोण?"

"भाऊ, तुमका फोन उचलूक येता, ठेवूक येणा नाय!" मी म्हणालो.

"आणि तुका? काल खोलयेची चावी फ्रिजात कोणी ठेवल्यान?"

मुद्दा बिनतोड होता.

आमच्याकडे असं अडलं की देवीचा कौल घेतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमिनी, लग्नं, विहिरी सगळं असंच ठरत आलंय. मोबाइलनं काय घोडं मारलं होतं?

सोमवारी देवळात गेलो. सप्ताहाच्या तयारीला अर्धा गाव जमलेला. देवीपुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकारांनी मला जवळ बोलावलं.

"खाता खयचा तां नीट सांगा. वाडीत तुमच्याच आडनावाच्यो दोन खानावळी. देवीचो घोटाळो झालो तर?"

मला एकदम पटलं. कौल चुलत्यांच्या घरी गेला म्हणजे! देवीसमोर आडपडदा ठेवायचा नाही, ही तर लहानपणापासूनची शिकवण. मी त्यांच्या कानाशी लागून बँक सांगितली, शाखा सांगितली, आणि खात्याची पक्की खूण म्हणून पिनही सांगितला. कुजबुजून हं! गुप्तता मला कळते.

गावकारांना मात्र कुजबुजायची सवय नाही. त्यांचं गाऱ्हाणं किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत पोचतं.

"बा देवी म्हाराजा! आज ही तुझी दोन लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा!" अर्धा गाव ओरडला.

"जेचो पिन सात, चार, चार, नऊ आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तां खाता कोणाच्या हातात सुरक्षित ऱ्हवात, ता सांग!"

"व्हय म्हाराजा!"

मागून कुणीतरी विचारलं, "चार दोनदा मां?"

"व्हय, दोनदा," शेजाऱ्यानं खात्री दिली.

त्या खात्यात सुलभाची अख्ख्या हंगामाची मेहनत होती! खिसा चाचपला, तर फोन नाही. तो मागच्या रांगेत फिरत होता. कुणीतरी जावयाची खुशाली विचारत होतं.

मी फोनमागे धावत असताना इकडे कौल सुरू झाला. भाऊंच्या नावानं विचारलं: डावी पाकळी. माझ्या नावानं विचारलं: प्रश्न पुरा व्हायच्या आत डावी!

"दोघांकय नाय," गावकार म्हणाले. "मगे आता ऱ्हवलो कोण?"

आम्ही खरोखर डोकं खाजवलं. मुंबईचा पुतण्या? फोंड्याचा आतेभाऊ? एकानं तर पोस्टमन सुचवला. तेवढ्यात नैवेद्याचं ताट घेऊन सुलभा आली.

"काय चल्ला हा हयसर?"

भाऊंनी आकडे सोडून सगळं सांगितलं. सुलभानं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"देवीक सांगण्याआधी माका सांगूक काय झाल्ला?"

मी मागच्या रांगेतून परत मिळवलेला फोन सदऱ्याला पुसू लागलो. गावकारांचे डोळे मात्र चमकले.

"वयनीनू, तुमका पिन म्हायत नाय?"

"नाय."

"मगे झाला तर! अख्ख्या गावात फकत तुमकाच म्हायत नाय. खाता तुमच्याकडेच होया!"

"व्हय म्हाराजा!" गावानं शिक्कामोर्तब केलं.

सुलभानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पिन बदलायला बसली.

"ह्यो जुनो पिन इचारता," ती म्हणाली.

"सात, चार, चार, नऊ!" अर्धा गाव एका सुरात.

नवा पिन तिनं खांबाआड जाऊन टाकला. खात्यातलं सगळं जागच्या जागी होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी नैवेद्याआधीच लाडू उचलला.

आता खातं तिच्या फोनवर असतं. पिन टाकताना ती पदर आडवा धरते. परवा मी स्वयंपाकघरात सहज उभा होतो, आत आम्ही दोघं आणि ओट्याखाली मांजर. तिनं फोन हातात घेतला आणि म्हणाली, "जरा भायर व्हा."

मी मुकाट बाहेर गेलो. मांजर आतच होतं.