चौथ्या चौकोनातला ललित

माझा आवाज मोठा आहे. मैदानावर ओरडलो की पलीकडच्या केळीच्या बागेतले मजूर मान वर करून बघतात, असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडतं. सव्वीस वर्षं पीटीचा मास्तर आहे. मोतीलाल सर येताना दिसले की पोरं आधी शर्टाचं बटण लावतात, मग नमस्कार करतात. एवढ्या आवाजाचा माणूस ऐन वेळी काय कामाचा निघाला ते सांगतो. पण आधी ललित.

ललित म्हणजे सुकलालभाऊंचा धाकटा. केळीवाले लोक, तापीकाठी शेत. सातवीत माझ्याकडे खो-खोला आला तेव्हा नुसती काडी होता. पळायचा मात्र असा की बघत राहावं. एकच खोड. पळणाऱ्या गड्याला बाद केलं की त्यालाच म्हणायचा, "माफ कर भो." मी ओरडायचो, "अरे येड्या, बाद करायला आलास की दुखवट्याला?" पोरं हसायची, तोही हसायचा, आणि पुढच्याला बाद करून पुन्हा माफी मागायचा.

खो-खो कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आठ गडी मैदानाच्या मधोमध रांगेत आपापल्या चौकोनात उकिडवे बसतात, एक इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. नववा पळणाऱ्याच्या मागे धावतो. तो दमला किंवा त्याला दिशा बदलायची असली की बसलेल्याच्या पाठीवर मागून तळवा मारून "खो" म्हणतो, आणि त्याच्या जागी बसतो. बसलेला मग उठून धावतो. हात लागल्याशिवाय उठलं तर फाऊल. सगळा खेळ त्या हातावर आहे. मागून कोण येतंय हे बघायचं नसतं, पाठ देऊन बसायचं असतं.

ललितचा चौकोन चौथा. पाचव्यात नवनीत. दोघं पहिलीपासूनचे मित्र, एका डब्यात जेवणारे.

गेल्या वर्षी, ललित दहावीत असताना, आम्ही तळोद्याला स्पर्धा जिंकलो. ललितने एकट्याने पाच गडी टिपले. परतताना जीपमध्ये पोरं नुसती उधळली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे नवनीतने खेळ काढला, ज्याने त्याने आपल्याला आवडणाऱ्या पोरीचं नाव सांगायचं. नावं निघाली, शिट्ट्या झाल्या, आमच्या नवनीतने वर्गातल्या रविनाचं नाव घेतलं तेव्हा तर जीप हलली. मग ललितची पाळी आली.

"माले पोरी नही आवडतस," तो म्हणाला. "पोरे आवडतस."

जिंकल्याच्या आनंदात होता हो पोरगा. सगळे आपलेच आहेत असं वाटलं असेल त्याला.

नवनीत म्हणाला, "मस्करी करी ऱ्हायना का रे?"

"नही. खरं सांगी ऱ्हायनू."

मग शहादा येईपर्यंत फक्त इंजिनाचा आवाज. मी जागा होतो. शब्द न् शब्द ऐकला. मागे वळून नुसतं "बरं, मग काय झालं? गाणी म्हणा!" एवढं म्हणालो असतो तरी जीप पुन्हा सुरू झाली असती. आणि मी काय केलं? डोळे मिटून मान टाकली. गर्जेल तो पडेल काय म्हणतात, ते माझ्यावरूनच म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशी सरावाला ललितचा हात पाठीशी यायच्या आत पोरं उठायला लागली. एक उठला, दुसरा उठला. मी शिट्टी फुंकून फुंकून दमलो. "पाठ काय गुळाची शे का रे तुमची? वितळती का हात लागला तर?" असं बरंच ओरडलो. फाऊलबद्दल ओरडलो. त्या हातापासून ती का पळतात, त्याबद्दल मूग गिळून बसलो. पोरांनाही बरोबर कळलं, सर कशावर बोलतात आणि कशावर नाही.

मग त्यांनी फाऊल न होणारी वाट काढली.

जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना नंदुरबारला होता. पाठलागाची पाळी आमची, नऊ मिनिटं. ललित चौथ्या चौकोनात बसला. दोन्ही हात जमिनीवर, टाचा उचललेल्या, पाठ तयार. नवनीत त्याच्या मागून गेला, खो दिला दुसऱ्या चौकोनातल्याला. पुढचा गेला, खो सहाव्याला. पळणारा नेमका ललितच्या समोरून वाकडा कापत गेला, हात लांब केला असता तर सापडला असता, पण खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. ललित उठला नाही. पाय वाजत जवळ यायचे तेव्हा त्याचे खांदे किंचित वर व्हायचे. पाय पुढे निघून गेले की खाली यायचे. मला सीमारेषेवरून ते सगळं दिसत होतं.

नऊ मिनिटांत त्याला एकही खो मिळाला नाही.

आम्ही एका गुणाने जिंकलो. पोरांनी नवनीतला उचललं. नवनीत वाईट पोरगा नाही, हेच तर अवघड आहे. ललित चौकोनातून उठला तेव्हा त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. लंगडत जाऊन त्याने सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या आणि पाणी भरायला गेला. कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी तो क्रीडा साहित्याच्या खोलीत आला. माझ्याशी तो शाळेतलं मराठी बोलायचा.

"सर, विभागीय स्पर्धेला मी येत नाही. नाव काढा."

"का रे?" मी विचारलं. त्याने गुडघा दुखतोय म्हणावं अशी माझी इच्छा होती. देवाशपथ सांगतो, तीच इच्छा होती.

"मला कुणी खो देत नाही, सर."

मी चेंडूंची जाळी उगाच सोडून पुन्हा बांधत बसलो. त्याने विचारलं, "सर, त्या दिवशी जीपमध्ये तुम्ही ऐकलंत ना?"

"मी झोपलो होतो," मी म्हणालो.

"हो सर."

तो जायला निघाला तेव्हा कुठे माझी लाज जागी झाली. म्हणालो, "थांब. मी बोलतो त्यांच्याशी. एकेकाची हाडं मोकळी करतो."

"नको, सर. तुम्ही दम दिला तर देतील खो. भीतीनं हात लावतील. तसा नको मला."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सोळा वर्षांच्या पोराने इतक्या सभ्यपणे आजवर कधी मारलं नसेल.

सुकलालभाऊ बाजारात भेटले, खो-खो का सोडला म्हणून विचारत होते. दहावीचं वर्ष, अभ्यास, असं काहीतरी सांगितलं. ते खूश झाले. पोरगा शहाणा झाला म्हणाले.

यंदा ललित अकरावीत आहे. तीन हजार मीटर पळतो. या शर्यतीत कुणी कुणाला हात लावायचा नसतो. कालव्याच्या रस्त्याने एकटा सराव करतो. मी मोटरसायकलवरून गेलो तर "नमस्कार सर" म्हणतो आणि पळत राहतो.

मागच्या महिन्यात जिल्ह्याला पहिला आला. दुसरा अर्धा फेरा मागे. मी शेवटच्या रेषेपासून जरा लांब, मंडपाजवळ होतो. मागून येणाऱ्या पोरांना रेषेवर त्यांचे सोबती घ्यायला आले होते, कुणी टॉवेल टाकत होतं, कुणी उचलत होतं, एकाची आई तर मैदानात घुसली. ललितने रेषा ओलांडली, इकडेतिकडे एकदा पाहिलं, आणि थांबलाच नाही. शर्यत संपली होती, तरी तो पळत राहिला. पंच हसले, म्हणाले, "सर, तुमच्या पोराला दम आहे बुवा, अजून एक फेरी मारतोय."

दम कसला. रेषेवर आपल्यासाठी कुणी उभं नाही हे लोकांना दिसू नये, म्हणून तो पळत होता.

मी रेषेकडे धावलो. या वयात, पोट सांभाळत, त्या गर्दीतून वाट काढत. पोचलो तेव्हा तो समोरच्या वळणावर होता. आयुष्यभर मैदानं हलवणारा माझा आवाज घशातून निघेना. मी तिथेच उभा राहिलो. तो फेरी पूर्ण करून आला, मला रेषेवर पाहिलं, "नमस्कार सर" म्हणाला, आणि बाजूने पुढे पळत गेला.