गव्हातली गिटार

आमच्या घरात एक गिटार आहे. ती माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी आहे आणि मला ती वाजवता येत नाही. अगदीच येत नाही असं म्हटलं तर माझ्यावर अन्याय होईल; अडीच चाली येतात. तिसरी चाल अर्ध्यावर कुठे अडते ते आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. मी त्या जागी पोचलो की समोरच्या घरातून कुणीतरी हटकून खोकायचं.

ही गिटार माझी नव्हती. ती सांभाळायला दिलेली होती, आणि ही सगळी हकिकत त्यातूनच घडली.

ऐंशीच्या दशकात मी जळगावला एका कचेरीत नवा कारकून होतो. लग्न ठरायचं होतं, हातात रविवार रिकामे होते आणि आपल्यात एक कलावंत दडलेला आहे असा मला दाट संशय होता. भुसावळला रेल्वेच्या वस्तीत एक निवृत्त गार्डसाहेब गिटार शिकवतात असं कळलं. अँग्लो-इंडियन म्हातारे गृहस्थ. दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी त्यांच्याकडे जायचो. मी वाजवायला लागलो की ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, रंगलेत. ते सहन करत होते हे समजायला मला दोन वर्षं लागली.

त्यांची बायको भुसावळच्याच दफनभूमीत होती. दर जानेवारीत तिच्या वाढदिवसाला ते गिटार घेऊन तिथे जायचे, एकच चाल वाजवायचे आणि परत यायचे. गिटार त्यांच्या वडिलांची. पोटातला कागदी शिक्का पार पुसट झालेला, पाठीचं लाकूड जुन्या गुळाच्या रंगाचं. मग परदेशातल्या मुलीने त्यांना कायमचं बोलावून घेतलं. एवढं जुनं लाकूड एवढ्या लांब न्यायला त्यांचा जीव धजेना. त्यांनी पेटीसकट गिटार माझ्यासमोर ठेवली.

"दो साल बाद जनवरी में आऊँगा," ते म्हणाले. "उसके सामने बजानी है. बजनी चाहिए, बस."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

"दीमक से बचाना, चूहे से बचाना," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "और बेटा, थोड़ा तुम्हारे हाथ से भी."

आम्ही तेव्हा जळगावातच, मेहरूणला भाड्याच्या घरात राहायचो. आम्ही म्हणजे मी, त्याच वर्षी धुळ्याहून लग्न होऊन आलेली माझी बायको, आणि आक्का. आक्का म्हणजे माझी आत्या. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. घर तिच्या हुकमावर चालायचं आणि तो हुकूम खानदेशीत असायचा. घराखाली काळी माती, चौकटीत वाळवी, माळ्यावर उंदीर. अशा घरात मी ते जुनं लाकूड आणून ठेवलं.

पहिला शत्रू सापडला तो पेटीत. पेटीला आतून लाल लोकरी अस्तर होतं आणि त्यात कसर झालेली. मी डांबरगोळ्या आणल्या. माणूस चार टाकेल. मी अख्खी पुडी ओतली, आणि आठवड्याने दुसरी. बायको माहेरी जाऊन आली ती फणकारतच. "अहो, आई विचारत होती, तुला सासरी ट्रंकेत ठेवतात का गं?"

मग मी गिटार पेटीतून काढली आणि पुढच्या खोलीत पाळण्याच्या कडीला दोरीने टांगली. जमिनीवर वाळवी, पेटीत कसर, अधांतरी कोण येणार? उंदीर आला. दोरीवरून उतरून आला आणि चामड्याचा पट्टा निम्मा खाऊन गेला. दोरीला जागोजागी एरंडाची काटेरी बोंडं बांधायची कल्पना माझीच. उंदीर आला नाही. पण दोरी सोडताना माझा हात इतका खरचटला की पंधरा दिवस त्या अडीच चालीही बंद होत्या. गल्ली त्या उंदराची ऋणी असावी.

आणि मग एका सकाळी आक्का झाडू घेऊन गिटारीखाली थबकली.

"हाई पीठ कोठून पडी राह्यनं रे, भाऊ?"

फरशीवर चिमूटभर पिवळसर भुकटी होती. मी वर पाहिलं. गिटारीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. दुपारी सगळी गल्ली उन्हाने मुकी झाली, वीजही गेली, पंखा थांबला, तेव्हा मी लाकडाला कान लावला. आतून कुरकुर ऐकू येत होती. कुणीतरी शांतपणे, घाई न करता जेवत होतं.

सुताराला विचारलं तर तो म्हणाला रॉकेल सोडा. शेजारच्या शेतकऱ्याने कपाशीवर मारायचं औषध देऊ केलं, पंपासकट. मी पंप पाठीला लावून खोलीत शिरणार, तोच बायको दारात आडवी उभी राहिली. "त्या म्हाताऱ्याने ती छातीशी धरून वाजवायची आहे ना? त्यालाही बायकोशेजारी झोपवायचा विचार आहे का?"

मी पंप परत केला. रोज चिमूटभर पीठ पडत राहिलं आणि मी रोज ते कागदावर गोळा करून बघत बसायचो, जणू बघितल्याने ते कमी होणार होतं.

एप्रिलमध्ये कचेरीने मला दीड महिन्याच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला पाठवलं. बायको पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला. घरात आक्का एकटी. जाताना मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून भिंतीला लावली: गिटारीला कुणीही हात लावू नये. आक्काला वाचता येत नाही हे मला स्टेशनवर आठवलं.

परत आलो तर कडी रिकामी.

"आक्का! गिटार कुठे आहे?"

"कोठीमा शे," आक्का भाकरी थापत म्हणाली.

"कोठीत?"

"गहूमा."

आमच्याकडे एप्रिल म्हणजे वर्षाचा गहू भरायचा महिना. आक्काची पद्धत ठरलेली होती. गच्चीवर गहू पसरून कडक ऊन द्यायचं, संध्याकाळी हाताला एरंडेल लावून दाण्यादाण्याला चोळायचं, कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला थराथराने घालायचा आणि पत्र्याच्या कोठीत भरून झाकण लावायचं. त्या वर्षी तिने गव्हाशेजारी गिटारही पसरली होती. अंगावर जुनं पातळ टाकून, पापडासारखी दर तासाला उलटत. मग एरंडेलाचं बोट फिरवलं. तारा सैल करून काढून टाकल्या, कारण हात लागला की ती आत गुणगुणते आणि आक्काला दचकायला होतं. मग पोटात कडुनिंब भरला आणि माझ्या खांद्याएवढ्या उंच कोठीत, गव्हाच्या मधोमध, तिला मानेपर्यंत पुरली.

मी कोठीत ओणवा होऊन तिला उपसून काढली. अंग तेलकट, पोटाच्या मोठ्या भोकातून गहू भळाभळा सांडतोय. उलटी धरून हलवली तर तासभर गहू आणि पाला पडत होता. मी एक जुनी तार चढवून छेडली. भरीत घोटायच्या बडगीवर काठी मारल्यासारखा आवाज आला. लाकडाचं खोलगट भांडं ते, आवाज बद्द.

आणि मी ओरडलो. "तुला काय कळतं यातलं? दुसऱ्याची वस्तू आहे ती! आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

आक्का खाली बसली आणि फरशीवर सांडलेला गहू सुपात भरू लागली. सूप भरल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "बठ्ठा गहू मी असाच राखस, भाऊ. एक दाणाले कीड नहीं लागत. तुन्हं लाकूड काय आभायमाईन पडनं का?"

माझं लाकूड काही आभाळातून पडलेलं नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. गिटार कोपऱ्यात उभी केली आणि तीन दिवस आक्काशी नीट बोललो नाही. जिने मला भाकरीचा पहिला घास भरवला, तिच्याशी, एका लाकडावरून. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

चौथ्या दिवशी लक्षात आलं की कोपऱ्यात पीठ पडलेलं नाही. दुपारी कान लावला. शांत. पाचव्या दिवशीही शांत. सुताराला बोलावलं. त्याने बोटाच्या पेराने ठकठक केलं, भोकात सुई घातली आणि म्हणाला, "मेली सगळी. काय केलं?"

"ऊन दिलं," मी पुटपुटलो. "गव्हाबरोबर."

"कुणाचं डोकं?"

मी स्वयंपाकघराकडे बोट केलं. आतून तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता आणि आक्का ऐकू न आल्यासारखं करत होती.

पावसाळा तोंडावर आला, भिंती ओलावणार, वाळवी चढणार. मी दोन दिवस आक्काच्या मागे-पुढे घुटमळलो. शेवटी म्हणालो, "आक्का, पावसात हिला कुठे ठेवू?"

आक्काने वर पाहिलंसुद्धा नाही. फळीवरची एक घडी माझ्याकडे फेकली. जुन्या लुगड्याची दुहेरी शिवलेली पिशवी होती, तोंडाला नाडी, वर गिटारीच्या मानेएवढी निमुळती. गहू पोटात जाऊ नये म्हणून. मी ओरडलो त्याच आठवड्यात तिने ती शिवून ठेवली होती.

गिटार पुन्हा गव्हात गेली. त्या पावसात वाळवीने पुढच्या खोलीची चौकट खाल्ली, आणि माळ्यावर ठेवलेल्या रिकाम्या पेटीचं बूड, माझ्या सगळ्या डांबरगोळ्यांसकट. कोठीपर्यंत काही पोचलं नाही. कोठीला खाली दळणाचा गहू काढायचं तोंड होतं. आम्ही जसजसे जेवत गेलो तसतशी गिटार खाली जात गेली. गणपतीत ती माझ्या छातीएवढी होती, दिवाळीत कमरेएवढी. बायको बाळाला घेऊन परत आली तेव्हा कोठीत डोकावून म्हणाली, "पाहुणे वेळेवर आले तर बरं. नाहीतर खालच्या तोंडातून काढावी लागेल."

डिसेंबरात पत्र आलं आणि जानेवारीत गार्डसाहेब आले. पार वाळलेले, हातात काठी. चहा झाला, बाळाचं कौतुक झालं, आणि त्यांची नजर भिंतीवरून, कोपऱ्यातून फिरू लागली. विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मला सांगायचं होत नव्हतं.

आक्का उठली. कोठीचं झाकण उघडून मला म्हणाली, "उतर."

मी, सरकारी नोकर, एका मुलाचा बाप, स्टुलावरून पोटावर लोंबकळत कोठीत शिरलो. पाय हवेत, तोंडात गव्हाची धूळ. पिशवी वर ओढून काढली. गार्डसाहेब एकदा माझ्याकडे, एकदा पिशवीकडे बघत राहिले. आक्काने नाडी सोडली, गिटार बाहेर काढली, पदराने पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती नाकाशी नेली. "कैस्टर ऑइल," ते म्हणाले. "बचपन में माँ ज़बरदस्ती पिलाती थी." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मग ते हसणं राहिलं नाही.

त्यांनी येताना नव्या तारा आणल्या होत्या. त्या हळूहळू चढवल्या, कान लावून जुळवल्या. त्यांनी पहिला सूर छेडला.

वाजली. बडगीसारखी नाही. थोडी मऊ, दमट, जुन्या माणसाच्या आवाजासारखी, पण वाजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भुसावळला गेलो. गार्डसाहेबांनी आक्काला आग्रहाने बरोबर घेतलं. ती डोक्यावर पदर घेऊन थडग्याशेजारी मांडी घालून बसली, कुणाच्या घरी दुखवट्याला गेल्यासारखी. ते वाजवत होते तेव्हा आत कुठेतरी बारीक खुळखुळ ऐकू येत होती. चाल संपल्यावर त्यांनी गिटार हलवून पाहिली. गव्हाचा एक दाणा आत राहिला होता. मी काढायला पुढे झालो.

"रहने दो," ते म्हणाले.

मग गिटार पिशवीत घालून त्यांनी ती पुढे केली. मी दोन्ही हात पसरले. ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि गिटार आक्काच्या मांडीवर ठेवली.

"अम्मा, अब मैं नहीं आ पाऊँगा. ये आपकी."

आक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हात खाली घेतले. आयुष्यात इतक्या योग्य माणसाला काही दिलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे, आणि परतीच्या पॅसेंजरमध्ये मी हे आक्काला सांगितलं. माफीही मागितली. ती खिडकीतून केळीच्या बागा बघत होती.

"तारा काढी ठेव," ती म्हणाली. "एप्रिलमा ऊन देनं शे."

आक्काला जाऊन बरीच वर्षं झाली. आता आम्ही गहू पाच-पाच किलो आणतो; कोठी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभी आहे. पण एप्रिल आला की मी गिटार गच्चीवर नेतो, अंगावर पातळ टाकतो आणि दर तासाला उलटतो. बायको खालून विचारते, "अहो, झाले का पापड?" संध्याकाळी एरंडेलाचं बोट फिरवून झालं की तारा चढवतो आणि अडीच चाली वाजवतो. तिसरी जिथे अडते तिथे मी गिटार जरा हलवतो. पुढचं तो दाणा वाजवतो.