मांजरीपुढचा लाडू

वरच्या मजल्यावरच्या काकू आपल्या मांजरीसाठी चिकन उकडतात ते मीठ-हळद काही न घालता, आणि खाऊ म्हणून नखाएवढे दोनच तुकडे देतात. इंदुरात पोह्यांवर शेव न घेणाऱ्या माणसाकडे बघतात, तसंच आम्ही काकूंकडे बघायचो. एकदा जिन्यात मी मांजरीपुढे कांद्याची कचोरी धरली, तर त्यांनी माझं मनगटच पकडलं.

"भिया, कांदा जहर आहे तिला. एवढं प्रेम आलंय ना, तर मान खाजवा तिची."

परवा सोसायटीचे अध्यक्ष खजरान्याच्या गणपती मंदिरातून लाडू घेऊन आले आणि सरळ मांजरीपुढे वाकले. काकू मध्ये उभ्या राहिल्या.

"प्रसादाला नाही म्हणता?" अध्यक्ष चिडले.

"मी कुठे नाही म्हणतेय?"

काकूंनी त्यांच्या हातातला लाडू घेतला आणि त्यांच्याकडे बघत बघत अख्खा संपवला. काकूंना शुगर आहे, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात.

"काकू, अहो तुमची शुगर!" मी ओरडलो.

"मला काही झालं तर मी सगळ्या बिल्डिंगला ऐकवेन," त्या बोटं पुसत म्हणाल्या. "ती कुणाला सांगणार?"